दोन कांड्यांचं सूत

राजव्वा, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. पुस्तकाची चाळीसेक पानं उरली होती, ती मी काल दुपारी वाचून संपवली. तुला सांगायला हवं म्हणून लिहायला बसले आहे. एरवी गेलेल्या माणसाशी बोलत बसणं मला पटत नाही, हे तुला ठाऊक आहे. माझा नवरा गेला तेव्हाही मी त्याच्याशी बोलत बसले नाही. तेरावं झालं, चूल पेटवली आणि कामाला लागले. त्याला सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. तुझ्या बाबतीत उरलं आहे.

पोथी ऐकायला पहिल्यांदा तू रहाट घेऊन माझ्या ओट्यावर आलीस तेव्हा गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. श्रावणात माझ्याकडे पोथी वाचायची पद्धत होती. वाचणारी मी, कारण साऱ्या गल्लीत अक्षर ओळखणारी बाई मी एकटीच. माझे वडील मुलींच्या शाळेत शिपाई होते, घंटा वाजवायचे, म्हणून मला चौथीपर्यंत बसता आलं. बायका पोथी ऐकताना हात जोडून बसायच्या आणि तू एकटी रहाट फिरवत. तुझ्या दिराच्या घरी तीन माग. त्यांना दिवसभर कांड्या लागायच्या. लडीतलं सूत तू रहाटानं कांडीवर भरायचीस, ती कांडी धोट्यात बसायची, धोटा मागावर शे-दोनशेदा इकडून तिकडे पळाला की कांडी रिकामी. तुझ्या हाताला थांबायची मुभा नव्हती. कुणीतरी म्हणालं, पोथीत घरघर नको. मी म्हटलं, माझ्या तोंडून ऐकायची असेल तर रहाट चालेल, नाहीतर दुसरी वाचणारी शोधा. दुसरी नव्हती.

पोथीची समाप्ती झाली, नारळ फुटला, बायका आपापल्या कामाला लागल्या. तू दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आलीस. रहाट टेकवलास, लडी लावलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलीस. मी म्हटलं, संपलं आता. तू विचारलंस, दुसरं काही नाही का वाचायला.

दुसरं होतं. ज्या मास्तरांकडे मी अकरा वर्षं स्वयंपाक केला, ते म्हातारपणी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाताना त्यांनी मला एक जाडजूड कादंबरी दिली. पन्नास वर्षांपूर्वीची, पुढची पानं गळून गेलेली. त्यामुळे तिचं नाव काय आणि ती लिहिली कुणी, हे आपल्याला कधीच कळलं नाही. मास्तर म्हणाले होते की मराठीत याच्यासारखं दुसरं नाही, शहाणी माणसं हे पुन्हा पुन्हा वाचतात, आणि मी हे समजून वाचलं तर माझी चौथी ते मॅट्रिकच्या बरोबरीची मानतील. मला ते बोलणं लागलं होतं. दोन वर्षं ते पुस्तक मी कोनाड्यात ठेवून दिलं. उघडायची भीती वाटायची. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू त्याला पोथीचेच नियम लावलेस. पाय धुऊन बसायचं. अध्याय अर्धा सोडायचा नाही. शेवट आधी उघडून बघायचा नाही. वाचन थांबेल तिथं लाल सुताचा तुकडा ठेवायचा, पानाचा कोपरा दुमडायचा नाही. आणि समाप्तीला नारळ. मी म्हटलं, अगं ही कादंबरी आहे, हिच्यात देव नाही. तू कांडीवरची नजर न काढता म्हणालीस, "न्हाय कसं म्हणतीस, अक्का? अजून संपलंय कुटं?"

मी कोनाड्यातून पुस्तक काढलं. आणि आपण सुरुवात केली.

गोष्ट अशी. एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव. गावातला एक माणूस नावेत बसून पलीकडे जातो. कशाला जातो ते लिहिलेलं नाही. त्याची बायको घाटावर येते आणि वाट बघते. ती उभी असते तेवढ्यात शंभर पानं होतात. ती पायरीवर बसते तोवर दीडशे. मध्ये धुक्यावर चार पानं. सोलापूरच्या बाईनं धुक्याची चार पानं भर उन्हाच्या दुपारी वाचायची म्हणजे शिक्षाच. तू विचारलंस, धुकं म्हणजे काय. मी म्हटलं, चुलीचा धूर, पण गार. तू रहाट थांबवून त्याचा विचार केलास. मला वाटतं त्या दिवशी तुला ते पुस्तक आवडायला लागलं आणि मला नकोसं व्हायला लागलं.

पलीकडचा माणूस दिसू नये एवढी नदी मोठी असते का, असंही तू विचारलं होतंस. मी पाहिलेली नदी म्हणजे भीमा, तीही वैशाखात. बैलगाडी उतरून पार झाली तरी चाकाचा आस कोरडा राहिला होता. मी म्हटलं, पुस्तकात असते.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, पुढे काहीतरी होईल. दुसऱ्या महिन्यात वाटलं की झालं असेल आणि माझ्या चौथीला ते कळलं नसेल. म्हणून मी मागची पानं एकटीनं पुन्हा वाचली. काही झालं नव्हतं. मग एक पत्र आलं. मी सावरून बसले. तर ते नावाड्याच्या हातून पाण्यात पडतं, शाई पसरते, आणि ती बाई ते पायरीवर वाळत घालते. कागद वाळण्यावर दोन पानं. वाळल्यावर त्यात काय दिसलं? लिहिणारा म्हणतो, तिनं ते घडी करून कमरेला खोचलं. मी पुस्तक ओट्यावर आपटलं. पण होतं काय त्यात, असं मी एवढ्या मोठ्यानं विचारलं की समोरचे माग थांबले आणि तुझा दीर डोकावून गेला. तुझं सूत तुटलं होतं. तू गाठ मारत हसत होतीस. म्हणालीस, तिचं पत्र हाय, ती वाचंल, तुला कशाला?

मास्तरांना मी मनातल्या मनात पुष्कळ बोलले. शहाणी माणसं काय बघतात यात? मी गल्लीत स्पष्ट बोलणारी म्हणून ओळखली जाते. भाजी नासली असेल तर नासली म्हणते. या माणसानं चारशे पानांत एक गोष्ट सरळ सांगितली नव्हती. नवरा चांगला होता की वाईट? ती रडते की तोंडावर पाणी उडालंय? दोन्ही म्हणायचं आणि पुढे जायचं. मला वाटायचं, माझी चेष्टा चालली आहे.

आणि तरी त्या दुपारी मला आता सारख्या दिसतात. ओट्याच्या कुडातून उन्हाच्या पट्ट्या आत येत. त्या पट्ट्यांत सुताची बारीक, धुळीसारखी पिंजण तरंगत असायची, खाली बसायची नावच घेत नसे. समोरच्या मागांचा खटखट आवाज इतका एकसारखा की काही वेळानं तो ऐकूच येईनासा व्हायचा, आणि मग तुझ्या रहाटाची घुरघुर तेवढी उरायची. माझा आवाज माझ्यावाचून पुढे चालला आहे असं वाटायचं. पापणी जड व्हायची. गल्लीत पाणी भरायचं, हळूहळू, आवाज न करता, आपल्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत. माग वल्ह्यांसारखे वाजायचे. ती बाई ओल्या पायांनी वर येऊन तुझ्या माझ्यामध्ये बसायची आणि तुझ्या लडीकडे बघत राहायची. तिचा चेहरा कधी तुझा असायचा, कधी कुणाचाच नसायचा. मी तिला विचारणार, पत्रात काय होतं ते, एवढ्यात गिरणीचा भोंगा व्हायचा आणि गल्ली कोरडी व्हायची. मी वाचतच असायचे. तुला माझी डुलकी कळली की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

कळायची. कारण एकदा तू म्हणालीस, कालचा अध्याय लई चांगला होता, तिनं भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली तो. मी ते पान शोधलं. पुस्तकात भाकरी कुठेच नव्हती. ती मी झोपेत वाचली होती. तू म्हणालीस, असू दे की, भूक लागली आसंल तिला.

तुझं कार्ड मला तेव्हाच आठवायला हवं होतं. तुझ्यासाठी मी वाचलेली पहिली चीज पोथी नव्हती, ते कार्ड होतं. तुझा नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि दोन वर्षांनी ते आलं, तुम्ही तेलुगू, म्हणून कुणा मराठी माणसाकडून लिहवून घेतलेलं. तू ते माझ्याकडे आणलंस, तीच आपली ओळख. त्यात एवढंच होतं: मी बोटीवर जात आहे, काळजी करू नये, बाकी सर्व ठीक. बोट कुठली, कामाला जातोय की राहायला, परत कधी, काही नाही. गल्लीत कुणी रंगून म्हणालं, कुणी आफ्रिका. तू ते मला तीनदा वाचायला लावलंस आणि घडी करून कमरेला खोचलंस. पुस्तकातल्या बाईनं पत्र कमरेला खोचलं तेव्हा मी पुस्तक आपटत होते. मला पुस्तकावर चिडण्यातून सवड नव्हती.

तुझा दीर वाईट माणूस नव्हता, नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला तेव्हा दारातच उभा राहिला. कार्ड येऊन अठरा वर्षं झाली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोनं कुंकू उतरवायचं, ही रीत. सहा वर्षं तू ती होऊ दिली नव्हतीस. आता त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि पलीकडची माणसं विचारत होती की थोरला भाऊ आहे की नाही. आहे म्हणावं तर दाखवा म्हणतात, नाही म्हणावं तर घरात तू रुपयाएवढं कुंकू लावून बसलेली. तो म्हणाला, "अक्का, ती तुमचंच ऐकती. तुमी सांगा. एकदा व्हय नायतर न्हाय होऊ द्या."

मला त्याचं पटलं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, हे सोडवायला हवं. माझा नवरा मेला ते मला दिसलं, म्हणून मी पुढे जाऊ शकले. तुला कुणी दाखवलं नाही म्हणून तू अडकून पडली आहेस. मी दाखवीन.

त्याच दिवसांत शहरात मार्शल लॉ आला. रस्त्यावर गोरे शिपाई, दुकानं बंद, सूत येईना, माग थांबले. गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तुझ्या हातात उरलेल्या दोन-तीन लड्या होत्या, त्या तू पुरवून पुरवून भरत होतीस. आपण दार लोटून घेऊन दिवसभर वाचायचो. ऊन इतकं की अक्षरं पानावरून उठून तरंगायची. घाटावर पुन्हा धुकं आलं होतं. तीच बाई, तीच पायरी. वाचता वाचता माझं डोकं भणभणलं. मला त्या लिहिणाऱ्याचा राग आला, तुझा आला, त्या बाईचा तर इतका आला की तिला धरून पायरीवरून उठवावं असं वाटलं. आणि मी डोळे पानावर ठेवून, न लिहिलेलं वाचायला लागले.

मी वाचलं की नाव उलटली होती. माणूस खालच्या घाटाला लागला. बायकोनं ओळखलं, कुंकू पुसलं, तीन दिवस रडली. मग घरी गेली, घर सारवलं, गाय घेतली आणि पुढे तिचं चांगलं चाललं. सगळी मिळून दहा वाक्यं. चारशे पानांत जे झालं नाही ते मी दहा वाक्यांत केलं, आणि मला फार बरं वाटलं. समाप्त म्हणून मी पुस्तक मिटलं. नारळ आधीच आणून कोनाड्यात ठेवला होता. म्हणजे बघ, मी ठरवूनच बसले होते.

तुझा रहाट थांबला. हातात सूत होतं आणि रहाट थांबला, असं मी पहिल्यांदा पाहिलं. तू पुढे वाकलीस आणि मिटलेल्या पुस्तकात जिथं तुझा लाल सुताचा तुकडा होता तिथून पुढची पानं अंगठा आणि बोटात धरलीस. कांडी भरत आली की नाही ते तू न बघता जसं चाचपायचीस, तसं.

"अक्का, यात अजून दोन कांड्यांचं सूत हाय."

मी म्हटलं, ती जाहिरातींची पानं आहेत. तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

"दमलीस तर दमले म्हण की," तू म्हणालीस. "माणूस कशाला मारतीस?"

मी नारळ फोडला. तुझा तुकडा तुझ्यासमोर ठेवला. तू तो घेतला नाहीस. समाप्ती झाल्यावर खाईन म्हणालीस, आणि रहाट उचलून घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी तुझं कुंकू नेहमीएवढंच होतं. तुझ्या दिरालाही काय ते समजलं असावं. पुतळा त्यानं केला नाही, मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं, आणि चांगलं झालं.

त्यानंतर आपण पुस्तकावर बोललो नाही असं नाही. दर दोन-चार महिन्यांनी तू कोनाड्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, वाचशील की कधीतरी. मी म्हणायचे, संपलंय म्हटलं ना. तू म्हणायचीस, बरं. सात वर्षं हे चाललं. बाकी सगळं तसंच होतं. माझा पाय मोडला तेव्हा चार महिने माझी भाकरी तू आणलीस, आणि ती इतकी कडक असायची की मी तुला शिव्या घालत खायचे. तुझ्या डोळ्यांना दुपारी दिसेनासं झालं तेव्हा तुटलेल्या सुताच्या गाठी मी मारून दिल्या. तुझ्या माहेरची तेलुगू गाणी तू गुणगुणायचीस, मला त्यातलं अक्षर कळायचं नाही आणि मी कधी अर्थ विचारला नाही. आता वाटतं, एवढ्या वर्षांत न कळणारी ती एकच गोष्ट मी मुकाट्यानं ऐकून घेतली.

मी एकदाही म्हटलं नाही की शेवट मी बनवला होता. तू एकदाही म्हटली नाहीस की कबूल कर. मला वाटायचं, मी जिंकते आहे.

थंडीत तुझा खोकला वाढला. आयुष्यभर उन्हाच्या पट्ट्यांतली ती पिंजण तुझ्या छातीत बसत होती, असं डॉक्टर म्हणाला. शेवटी तू अंथरुणाला लागलीस, तेव्हा मी पुस्तक कोनाड्यातून काढलं, धूळ पुसली आणि तुझ्याकडे आले. कुणी सांगितलं नव्हतं. तुझी जाऊ म्हणाली, आता हिला कुठलं कळतंय. मी पाय धुतले आणि तुझ्या उशाशी बसले. लाल सुताचा तुकडा जिथल्या तिथे होता. मी तिथून वाचायला सुरुवात केली. अर्थात धुकंच होतं.

तुझे डोळे मिटलेले होते. दीड पान झाल्यावर तू अगदी हळू म्हणालीस, "चुलीचा धूर. पण गार." मग तुला झोप लागली. श्वास रहाटासारखा घुरघुरत होता. बाहेर माग चालले होते, आणि मला पुन्हा ते गल्लीतलं पाणी चढताना दिसलं, तुझ्या खाटेच्या पायांपर्यंत. तेव्हाच सांगायला हवं होतं. तू झोपली होतीस तरी सांगायला हवं होतं. मला वाटलं, जागी झालीस की उद्या सांगू. तुकडा पानात ठेवला आणि घरी आले. सकाळी तुझी जाऊ हाक मारायला आली.

तुला आंघोळ घातली आणि मग बायका अडल्या. हिरवी साडी नेसवायची की पांढरी? कुंकू लावायचं की नाही? एक म्हणाली, नवऱ्याची काही खबर नाही, सवाष्णच म्हणायची. दुसरी म्हणाली, पंचवीस वर्षं खबर नाही म्हणजे कसली सवाष्ण, उगाच पाप नको. आवाज चढले. तू मध्ये पडलेली, ओल्या केसांनी, आणि तुझ्यावरून हो-नाही चाललेलं. कुणीतरी दिराला विचारलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मग सगळ्याच माझ्याकडे बघायला लागल्या. मी विधवा, म्हणून भिंतीशी उभी होते. पण गल्लीत हो की नाही ते मी सांगते, अशी रीतच पडून गेली होती.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

राजव्वा, हे वाक्य मी जन्मात कुणापुढे बोलले नव्हते. बोलले आणि जीभ जड झाली नाही. मग विचारलं, तो मेला ते कुणी पाहिलं आहे का? कुणी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मग पुसणारे आपण कोण. हिरवी काढा.

तुझ्या जावेनं हिरवी साडी काढली. कुंकू लावताना तिनं बारीकशी टिकली लावली. मी भिंतीपासूनच म्हटलं, "मोठं लाव. एवढंसं ती कधी लावत नव्हती." तिनं मोठं लावलं. तुझी पिशवी आवरताना कार्ड सापडलं. त्याच्या घड्या तुटून चार तुकडे झाले होते. ते मी तुझ्या कमरेला खोचायला सांगितलं.

काल दुपारी पाय धुतले आणि उरलेलं पुस्तक मोठ्यानं वाचलं. तुझा दीर सुताचा रहाट आता तुझ्या धाकट्या पुतणीला देणार आहे, तोवर तो माझ्या ओट्यावर आहे. तो फिरत नव्हता, म्हणून माझा आवाज मलाच मोठा वाटला. पण दहा-बारा पानांनंतर पापणी जड झाली आणि मग कळेना, मी वाचते आहे की बघते आहे. शेवटच्या पानावर संध्याकाळ आहे. पाण्यावर एक दिवा दिसतो. ती बाई पायरीवरून उठून उभी राहते. दिवा हलतो. तो जवळ येतो आहे की लांब चालला आहे, ते लिहिलेलं नाही. तिथं पुस्तक संपतं. मी ते पान तीनदा वाचलं, तू कार्ड वाचायला लावलं होतंस तसं. त्यामागे एक कोरं पान आहे. जाहिरात एकही नाही.

ते पुस्तक मला अजून आवडलेलं नाही. मास्तर काहीही म्हणोत. धुक्याला चार पानं लागत नाहीत, आणि पत्रात काय होतं ते सांगायला हवं होतं. पण एवढं म्हणते की त्या लिहिणाऱ्याचाही हात दमला असेल. एक नाव उलटवली असती तर तो घरी जाऊन झोपला असता. त्यानं तसं केलं नाही.

पान मिटून मी नारळ फोडला. तुझा तुकडा रहाटाशी ठेवला. मी सांगितलेला शेवट खोटा होता. ती नाव उलटली नव्हती, कुंकू पुसलं नव्हतं, गाय मी माझ्या मनची घेतली होती. सगळं परत घेते.

दमले होते मी, राजव्वा. वाट तू बघत होतीस आणि दमले मी.